पाती सुरू केली की मोअर बंद: एका बिघाडाचा माग

राइडिंग मोअर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, सकाळी व्यवस्थित सुरू होतं. पुढे जातं, मागे येतं, चढही चढतं. पण पाती सुरू करायचा पिवळा नॉब वर ओढला की इंजिन मान टाकतं. हा बिघाड ज्यांच्या वाट्याला आलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं यंत्र आता नीट चालतंय. मधल्या काळात जे शोधलं, मोजलं आणि ज्याची वाट पाहिली, ते क्रमाने सांगतो.

सुरुवात मे महिन्यातल्या एका शनिवारी झाली. आदल्या आठवड्यात पाऊस पडून गेला होता आणि गवत घोट्याच्या वर आलं होतं. इंजिन पाचेक मिनिटं तापू दिलं, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग वाढवायचा दांडा, पूर्ण पुढे केला, नॉब ओढला. पाती जेमतेम फिरायला लागली, इंजिनाने दोन-तीन आचके दिले आणि सगळं शांत. नॉब खाली दाबून चावी फिरवली तर इंजिन पुन्हा चालू. पुन्हा नॉब, पुन्हा आचके. आचके सुरू असतानाच नॉब झटकन खाली दाबला तर इंजिन सावरायचं, हेही त्याच दिवशी लक्षात आलं. मी ते एका वहीत लिहून ठेवलं. वही ठेवाच. आठवड्यांनंतर 'त्या दिवशी आवाज नेमका कसा होता' हे आठवत नाही.

कारण या बिघाडात इंजिन कसं बंद पडतं, तिथेच निम्मं उत्तर असतं. चावी काढल्यासारखं एका क्षणात, कसलाही विरोध न करता बंद पडलं, तर ठिणगी तोडली गेली आहे; संशय सुरक्षेच्या स्विचांवर घ्यायचा. आवाज जड होत, कण्हत, वेग कमी होत होत बंद पडलं, तर ओझं जास्त झालंय किंवा इंजिनात तेवढा जोर उरलेला नाही. माझं दोन्हीत बसत नव्हतं. ते खोकत होतं. कधी कधी सायलेन्सरमधून फट् असा आवाज यायचा. या तिसऱ्या प्रकाराबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तर एवढा वेळ गेला.

सोमवारी अधिकृत दुरुस्ती केंद्राला फोन केला. तिथल्या बाईंनी आधी मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर विचारला. ही पट्टी बहुतेक यंत्रांवर सीटखाली असते; सीट पुढे उलटायची की दिसते. पण इंजिनाचा नंबर वेगळा असतो, इंजिनावरच्या पत्र्यावर कोरलेला किंवा चिकटवलेला, आणि तोही लागतो, कारण यंत्राची कंपनी एक आणि इंजिनाची दुसरी असं सर्रास असतं. वॉरंटीही दोघांची वेगवेगळी. दोन्ही नंबरांचे फोटो काढून ठेवा. मग खरेदीची पावती, खरेदीची तारीख, तासांच्या मीटरवरचा आकडा, वापर घरगुती की व्यावसायिक, असे प्रश्न. यंत्र मी वापरलेलं घेतलं होतं. पावती माझ्या नावावर नाही म्हटल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग वॉरंटी तुमच्याकडे येत नाही, सर. तपासणीची फी लागेल, ती परत मिळत नाही. नेण्या-आणण्याचा खर्च वेगळा."

"आणि नंबर कधी लागेल?"

"सध्या सीझन आहे ना. जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आधी सांगता येणार नाही."

थोडी आगाऊ रक्कम भरून नाव नोंदवलं. नोंदणी क्रमांकाचा ईमेल आला, तो जपून ठेवला. गवत मात्र जूनच्या तिसऱ्या आठवड्याची वाट बघणार नव्हतं, म्हणून तोवर स्वतः शोधायचं ठरवलं. त्यांच्याच ईमेलच्या तळाला बारीक अक्षरांत एक ओळ होती: विजेचे सुटे भाग एकदा विकले की परत घेतले जात नाहीत. ती ओळ माझ्या फार उपयोगी पडली. अंदाजाने भाग बदलत बसायचा मोह तिथेच संपला.

पहिला आठवडा सोप्या गोष्टींत गेला. या यंत्रांत सीटखाली एक स्विच असतो. चालवणारा उठला आणि पाती चालू असली, तर तो इंजिन बंद करतो. सीटची स्प्रिंग सैल झाली किंवा स्विचचा प्लग ढिला झाला, की माणूस बसलेला असूनही यंत्राला वाटतं सीट रिकामी आहे. पाती जोडायला नॉबऐवजी लांब दांडा असेल तर आणखी एक गंमत होते: दांडा जोरात ओढताना आपण नकळत सीटवरून अर्धे उठतो आणि तेवढ्यात स्विच आपलं काम करतो. असाच स्विच ब्रेकच्या पायडलला असतो. काही यंत्रांना मागे गवत गोळा करायची पेटी असते, ती नीट बसली नसेल तर पाती चालू होऊ न देणारा स्विच तिथेही असतो. रिव्हर्स टाकल्यावर पाती चालू असतील तर इंजिन बंद करणारी सोयही बऱ्याच यंत्रांत असते. तुमचं यंत्र फक्त मागे जाताना बंद पडत असेल तर तो बिघाड नाहीच, पुस्तिका वाचा.

सीटचा स्विच तपासायला चावी काढून प्लग सोडवला, मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) लावला आणि हाताने स्विच दाबून-सोडून बघितला. दर वेळी चोख. तार वळवून तात्पुरता जोड देऊन 'स्विच बायपास करा' असा सल्ला सगळीकडे मिळतो. मी तो घेतला नाही आणि तुम्हीही घेऊ नका. माझ्या पुस्तिकेत लिहिलंय की चालवणारा उठल्यावर पाती ५ सेकंदांत थांबायला हवी. ते ज्या स्विचमुळे होतं, तोच काढून टाकून गवत कापायला बसायचं म्हणजे कमाल आहे.

मग डेक, म्हणजे पात्यांवरचं झाकण. चावी काढली, स्पार्क प्लगची टोपी सोडवली, बॅटरीची ऋण तार काढली, चाकांना दगड लावले, जाड हातमोजे घातले. एवढं केल्याशिवाय पात्यांच्या आसपास हात नेऊ नका, आणि यंत्र कलतं करावं लागलं तर कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं. आत ओल्या गवताचा दोन बोटं जाड थर वाळून घट्ट झाला होता. लाकडी फळीने खरवडून काढला. एका स्पिंडलला, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याला, सुतळी गुंडाळलेली सापडली, तेव्हा वाटलं, सापडलं! पुन्हा सगळं जोडलं, सुरू केलं, नॉब ओढला. खोकला तसाच.

पुढची चाचणी मला एका जुन्या मेकॅनिकने फोनवर सांगितली आणि तिच्याइतकी फुकटातली उपयुक्त चाचणी दुसरी नाही. डेकचा पट्टा इंजिनाखालच्या क्लचच्या (इंजिनाला पाती जोडणाऱ्या भागाच्या) पुलीवरून काढून टाकायचा, म्हणजे पात्यांचा इंजिनाशी काही संबंधच उरत नाही. मग नेहमीसारखं बसायचं, सुरू करायचं, नॉब ओढायचा. इंजिन आरामात चालत राहिलं, तर दोष पट्ट्याच्या पलीकडे किंवा इंजिनाच्या ताकदीत आहे: जाम झालेलं बेअरिंग, चुकीच्या वाटेने बसवलेला पट्टा, वाकलेलं पातं, नाहीतर कोंडलेला एअर फिल्टर आणि अर्धवट तुंबलेला कार्ब्युरेटर. पट्टा काढूनही बंद पडलं, तर डेक निर्दोष सुटला आणि वीज पकडली गेली. पट्टा काढण्याआधी त्याच्या वाटेचा फोटो घ्या. कोणत्या पुलीच्या आतून आणि कोणत्या मार्गदर्शक खिळीच्या मागून तो जातो हे नंतर आठवत नाही.

पट्टा काढूनही माझं इंजिन बंद पडलं. तसंच खोकत.

आता पाती जोडणारा विजेवरचा क्लच समोर आला. इंजिनाच्या दांड्याच्या खालच्या टोकाला हा बसतो. आत तांब्याची कॉइल असते. नॉब ओढला की तिच्यातून वीज जाते, चुंबक तयार होतो, पुली पकडली जाते. हा भाग महागडा. त्याची किंमत बघितल्यावर मी पान बंद करून चहा करायला गेलो. परत न घेतल्या जाणाऱ्या भागांत हाही मोडत होता, त्यामुळे विकत घेण्याआधी मोजणं भाग होतं. क्लचचा दोन तारांचा प्लग सोडवून ओहम मोजले: २.८. अशा बहुतेक क्लचांची कॉइल २ ते ४ ओहमच्या दरम्यान असते, पण आपल्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. आकडा शून्याच्या जवळ आला तर कॉइल आतून शॉर्ट झालेली, आणि काहीच दाखवलं नाही तर तुटलेली. माझी ठणठणीत होती. क्लचच्या कडेला तीन फटी असतात, त्यांत फिलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून आतली मोकळी जागा मोजतात. तीही पुस्तिकेतल्या मापात निघाली.

इथे मी बरेच दिवस अडकलो. नोकरीमुळे काम फक्त शनिवार-रविवारी, आणि एक अख्खा रविवार पावसात गेला. गवत गुडघ्याकडे निघालं होतं. शेजारच्यांनी काही म्हटलं नाही, पण कुंपणापाशी जरा जास्त वेळ थांबू लागले. खोकल्यामुळे संशय इंधनाकडे गेला, तेव्हा टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, इंधनाचा फिल्टर आणि एअर फिल्टर बदलला, स्पार्क प्लगची फट पुस्तिकेप्रमाणे लावली. हे सगळे स्वस्तातले भाग आहेत आणि वर्षातून एकदा करायचंच असतं, त्यामुळे वाया काही गेलं नाही. पेट्रोल महिनाभराहून जास्त काळ अशा यंत्राच्या टाकीत ठेवायचं असेल तर ते ताजं असतानाच त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं रसायन) घालतात, हेही तेव्हाच वाचलं. इंजिनाचा आवाज सुधारला. नॉब ओढल्यावरचा प्रकार तसाच.

एका रात्री वहीतली पानं उलटत बसलो होतो. एका बाजूला लिहिलं होतं 'खोकला', म्हणजे इंधन तुटतंय. दुसरीकडे 'पट्टा काढूनही', म्हणजे वीज. वीज आणि इंधन यांची गाठ यंत्रात कुठे पडते? पुस्तिकेतल्या वायरिंगच्या नकाशावर बोट फिरवत गेलो आणि कार्ब्युरेटरच्या तळाशी थांबलो. तिथे एक छोटा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, असते. चावी चालू केली की वीज मिळून त्याची सुई आत ओढली जाते आणि इंधनाची वाट उघडते. चावी बंद केली की सुई बाहेर येते, वाट बंद होते, म्हणजे बंद होता होता इंजिनात उरलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन फट् करत नाही. आणि नकाशात या सोलेनॉइडला व क्लचला वीज एकाच वाटेने येत होती: बॅटरी, मग फ्यूज, मग चावीचा स्विच, आणि तिथून दोन फाटे. क्लचने वीज ओढल्यावर त्या सामायिक वाटेवर कुठेतरी दाब पडत असेल, तर सोलेनॉइड उपाशी राहणार.

शनिवारी ताई आली होती, तिला कामाला लावलं. इंजिन थंड, पट्टा काढलेला, चावी चालू पण इंजिन सुरू करायचं नाही. ताई सीटवर, कारण सीटवर वजन नसेल तर क्लचला वीजच मिळत नाही.

"म्हणजे माझं काम नुसतं वजन होऊन बसायचं?"

"बसायचं आणि मी सांगितलं की नॉब ओढायचा."

मी सोलेनॉइडवर बोट टेकवून बसलो. तिने चावी फिरवली तेव्हा बोटाखाली एक टिचकी जाणवली: सुई आत गेली. "ओढ." क्लचचा खट् आवाज झाला, आणि त्याच क्षणी बोटाखाली दुसरी टिचकी. सुई बाहेर आली होती. ताईला तीन-चारदा तेच करायला लावलं, ती कंटाळली, मला मात्र हसू आवरेना.

मग मल्टिमीटर. बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्ट, क्लच जोडल्यावर १२.५. म्हणजे बॅटरी उत्तम. सोलेनॉइडच्या तारेवर, क्लच बंद असताना १०.५. क्लच जोडला आणि आकडा ५.२ वर आला. बॅटरी आणि सोलेनॉइडच्या मध्ये सात व्होल्टहून जास्त गायब होत होते. आता मागे मागे यायचं. चावीच्या स्विचवर येणारी तार: तिथेही तेवढीच कमी. फ्यूजच्या पुढची तार: कमी. फ्यूजच्या अलीकडची, बॅटरीकडची: १२.५.

फ्यूज मी पहिल्याच आठवड्यात तपासला होता. त्याची तार अखंड होती आणि होल्डरच्या (फ्यूज बसतो त्या डबीच्या) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मल्टिमीटरने 'बीप' दिला होता. तो बीप खोटा नव्हता, पण अपुरा होता. मीटर बीप द्यायला अगदी नगण्य प्रवाह पाठवतो. तेवढ्यासाठी गंजलेला जोडही चालतो. क्लचला मात्र काही अँपिअर लागतात. एक माणूस सहज जाईल अशा बोळातून वरात नेण्यासारखं ते झालं. म्हणून जोड तपासायचा असेल तर काम चालू असताना, त्याच्या दोन बाजूंना मीटर लावून किती व्होल्ट पडतात ते बघायचं. चांगल्या जोडावर ते जवळजवळ शून्य असतात. माझ्या फ्यूज होल्डरवर सात.

होल्डर उघडून नीट पाहिला. एका पत्तीवर हिरवट-पांढरा थर, तिची पकड ढिली, आणि आतलं प्लास्टिक एका बाजूने पिवळं पडून वितळलेलं. सात व्होल्ट गुणिले साधारण दोन अँपिअर, म्हणजे पंधराएक वॉट उष्णता त्या टिचभर डबीत निघत होती. हात लावल्यावर चटकाच बसला. चावी फिरवल्यावर अधूनमधून नुसतं 'टक' व्हायचं आणि दुसऱ्यांदा फिरवल्यावर इंजिन लागायचं, त्याचाही उलगडा इथेच झाला, कारण स्टार्टरच्या रिलेला (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला वीज सोडणाऱ्या स्विचला) जाणारी वीजही याच वाटेने जाते.

नवा फ्यूज होल्डर, टोपणवाला, पाणी न शिरणारा, मंगळवारी मागवला, शुक्रवारी आला. क्लचच्या किमतीत असे डझनावारी येतील. मागवताना दोन गोष्टी बघा: होल्डरच्या तारा मूळ तारांइतक्याच जाड हव्यात, आणि फ्यूज पुस्तिकेत लिहिलेल्याच अँपिअरचा हवा. मोठा फ्यूज घालून प्रश्न सुटत नाही, तारा जळतात. बॅटरीची ऋण तार आधी काढली, जुना होल्डर कापला, स्वच्छ तांबं दिसेपर्यंत तारा मागे सोलल्या. आतलं तांबं काळं पडलं असेल तर आणखी मागे जा, काळ्या तारेवरचा जोड पुन्हा तेच करेल. क्रिम्पिंगने, म्हणजे धातूची नळी तारांवर दाबून, जोड दिले, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली, पत्त्यांना ओल आणि गंज रोखणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं. ताई नव्हती, म्हणून सीटवर मी आणि मीटर मांडीत, लांब तारा लावून. क्लच जोडल्यावर सोलेनॉइडवर १२.२.

पट्टा फोटो बघून बसवला. इंजिन सुरू केलं, थ्रॉटल पूर्ण, नॉब ओढला. क्लच असा जोरात लागला की मीच दचकलो. इतके दिवस तोही अर्ध्या विजेवर कसाबसा पकडत होता. पाती सुसाट फिरली. इंजिनाचा आवाज क्षणभर खाली गेला आणि गव्हर्नरने (इंजिनाचा वेग कायम राखणाऱ्या यंत्रणेने) उचलून धरला, हे तसंच व्हायला हवं. एवढं वाढलेलं गवत एका दमात कापायला गेलं तर निरोगी इंजिनही घुसमटतं. डेक सगळ्यात वरच्या खाचेवर ठेवून, अगदी हळू, आधी एक फेरी. दोन दिवसांनी डेक खाली करून दुसरी.

सोमवारी दुरुस्ती केंद्राला फोन करून नोंदणी रद्द केली. त्याच बाई होत्या. आगाऊ रक्कम परत मिळते, पण त्यासाठी नोंदणी क्रमांक, पैसे भरल्याचा पुरावा आणि रद्द करण्याचं कारण असा अर्ज ईमेलने पाठवावा लागतो, आणि तारखेच्या सात दिवस आधी. मी वेळेत होतो. कारणाच्या रकान्यात 'फ्यूज होल्डर गंजलेला, बदलला' असं लिहिलं. त्यांनी वाचून विचारलं, क्लच नव्हता का? या तक्रारीवर त्यांच्याकडे बहुतेक लोक क्लचच मागतात म्हणे. पैसे दहाएक दिवसांत खात्यात आले. डाव्या स्पिंडलचं बेअरिंग हाताने फिरवताना जरा खरखरतंय, ते आता मागवलंय, सीरियल नंबर बघून.